मागची जागा

आमच्या माणदेशात गाडीच्या सीटला शीट म्हणतात आणि ते नपुंसकलिंगी असतं. शीट फाटलं, शीट भिजलं, शीट बसलं. पुण्यात नोकरीला लागल्यावर माझ्या तोंडी त्याची सीट झाली, तीही स्त्रीलिंगी. गेल्या दिवाळीत आटपाडीला गेलो, शेडमधल्या राजदूतवरचं पोतं उचललं आणि आपसूक वडिलांना बोलून गेलो, “अण्णा, शीट पार गेलं की हो!”

रेक्झिन तडकून त्याचे पोपडे निघत होते. भेगेत बोट घातलं तर फोमचा पिवळा भुगा नखात आला. दोन्हींची दुखणी वेगळी. रेक्झिनला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य उन्हानं हळूहळू निघून जातं, मग ते पापडासारखं कडक होतं. आणि त्या भेगांतून पाणी आत गेलं की फोम कुजतो. स्टँडजवळचा कुशनवाला तासाभरात नवं शीट चढवून देतो. पण चार दिवस सुटी होती, हाताला काम नव्हतं. मी म्हटलं, घरीच करतो. अण्णा म्हणाले, “कर. बिघडलं की नेऊ त्याच्याकडं.”

ही राजदूत अण्णांनी १९८४ साली घेतली. एस्कॉर्ट्स कंपनीची ही गाडी १९६२ पासूनची, पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बेतलेली. दूधवाल्यांनी ती महाराष्ट्रभर किटल्या लावून फिरवली. अण्णांच्या गाडीला किटल्या नव्हत्या. ते पशुधन पर्यवेक्षक. गावच्या भाषेत जनावराचे डॉक्टर. त्यांच्या मागं, टायरच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधलेला, कंटेनर असायचा. अॅल्युमिनियमचा, बुटका, निमुळत्या गळ्याचा. आत उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन आणि त्यात बुडवलेल्या, बारक्या काडीएवढ्या, होल्स्टिन आणि जर्सी वळूंच्या रेतनळ्या.

खिलारच्या मुलखात हे काम म्हणजे चेष्टा नव्हती. खरसुंडीच्या यात्रेत खोंडाची शिंगं आणि खूर पारखणाऱ्या माणसाला, नळीतल्या वळूपासून गाय गाभण राहते हे पटवायचं. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बायफ ही संस्था काढली आणि पुढं शेतकऱ्याच्या दारात जाऊन गाय भरवायची रीत पाडली. अण्णा होते सरकारी दवाखान्यात, पण दवाखान्यात बसून गाय येत नाही, हे त्यांनीही ओळखलं होतं. सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. वेळ टळली की एकवीस दिवस गेले. त्यामुळं जेवता जेवता निरोप आला की अण्णा ताटावरून उठत. गाडीला किक, मागं कंटेनर, धुरळा.

आईनं त्या कंटेनरचं नाव सवत ठेवलं होतं. “मला बाजाराला न्यायला वेळ नाही, तिला रोज डबलशीट!” चाकात साडी अडकू नये म्हणून गाडीला जाळी असते, मागचं निम्मं चाक तरी झाकलेलं हवं, असा आता कायदाच आहे. आमची जाळी शेवटपर्यंत कोरी राहिली. आई एसटीनं जायची.

आम्हा पोरांना मात्र सवत आवडायची. झाकण उघडलं की पांढरी वाफ काठावरून खाली ओघळायची. अण्णा खुशीत असले तर चिमट्यात पेरूचं पान धरून आत बुडवायचे. बाहेर काढून टिचकी मारली की पानाचा चुरा.

तर शीट उतरवलं. नट गंजलेले, रॉकेल पाजून रात्रभर ठेवले तेव्हा सुटले. उलटं केलं तर पत्र्याच्या कडेला बारीक दाते, त्यांत रेक्झिन अडकवून दाते मुडपलेले. पेचकसानं एकेक दाता उचकटताना अंगठा दोनदा कापला. काळ्या रेक्झिनखाली आणखी एक रेक्झिन निघालं, मरून रंगाचं, पांढऱ्या गोटाचं. हे मला आठवत होतं. दहावीच्या निकालादिवशी मी त्याच्यावर बसून गेलो होतो, पुढं टाकीला चिकटून, कारण मागं अर्थातच ती. मरूनच्या खाली कंपनीचं मूळचं. कुशनवाल्यानं दोन्ही वेळा जुनं न काढताच वर नवं चढवलेलं. कामचुकारपणा म्हणायचा, पण त्याच्या त्या कामचुकारपणामुळंच मला हे बघायला मिळालं.

मूळच्या रेक्झिनवर मागच्या भागात ताटलीएवढं वर्तुळ होतं, आणि त्याच्या एका बाजूला वेगळ्याच भेगा. काचेला तडा जातो तशा सरळ, टोकदार.

“नायट्रोजन सांडला होता,” अण्णा खुर्चीतून म्हणाले. “दिघंचीच्या वाटेवर घसरलो तेव्हा.”

हे आम्हाला कधी कळलं नव्हतं. आई दारात गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “घोटा सुजला होता तो त्याच्यापायी होय? मला तर म्हणाले, गाईनं लाथ मारली.”

अण्णा गप्प. पस्तीस वर्षांनी पकडलेला माणूस.

पत्रा पॉलिश पेपरनं घासला, रेडऑक्साईड मारलं. फोम फर्निचरवाल्याकडून आणला, रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला, घट्ट. हॅक्सॉच्या ब्लेडनं कापला तर कडा बऱ्या येतात. सुरीनं कुरतडल्यासारखं होतं. जुन्या रेक्झिनची शिवण उसवून तुकडे वर्तमानपत्रावर ठेवले, पेन्सिल फिरवली, नव्या रेक्झिनवर तसंच्या तसं कापलं. शिवायला आईचं पायमशीन, १८ नंबरची सुई. मशीनच्या पायाखाली रेक्झिन चिकटायचं, पुढं सरकायचंच नाही. आईनं मला उठवलं, वर पेपरची पट्टी ठेवून टीप घातली आणि नंतर पट्टी फाडून काढली. झालं.

खोळ चढवायला घेतली तर कडेला बोटभर कमी. उन्हात तापवून मऊ केली, गुडघ्यानं फोम दाबला, दोघांनी ताणली, दात्यापर्यंत पोचेना. आईनं खोळ हातात घेऊन उलटसुलट पाहिली. “माया कुठंय? जुन्याच्या मापानं कापलंस आणि माया सोडलीच नाहीस.” शिवणीत आत दडपायला जास्तीचं कापड सोडतात त्याला मराठीत माया म्हणतात, हे मला ठाऊक होतं. कापताना आठवलं नव्हतं, एवढंच. दीड मीटर रेक्झिन वाया गेलं. त्यातनं आईनं नंतर बाजाराच्या दोन पिशव्या शिवल्या.

दुसऱ्या वेळी तिनं स्वतः बेतलं. आधी पुढचं टोक, मग मागचं, मग बाजू समोरासमोर थोड्या थोड्या ओढत आणायच्या. एक बाजू आधी पक्की केली की दुसरीकडं सुरकुती पडतेच. तरी पुढच्या निमुळत्या टोकाला दोन चुण्या राहिल्या. जवळ जाऊन पाहिलं तर दिसतात. अण्णांनी जवळ जाऊन पाहिलं.

संध्याकाळी शीट बसवलं. गाडी मोठ्या स्टँडवर. अण्णांचा गुडघा आता वळत नाही, म्हणून त्यांनी नुसता हात फिरवला, पुढून मागं, आणि मागच्या भागावर थापटी मारून म्हणाले, “सपाट केलंस.” कंटेनरच्या जागी खड्डा पडला होता, तिथं मी फोमचा तुकडा भरला होता.

“मग काय तिच्या आठवणीला ठेवायचा होता?” आई म्हणाली. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं, पदर खोचला, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि मागच्या जागेवर एका अंगानं बसली. पाय खाली लोंबले. टाचा फूटरेस्टच्या चार बोटं वर.

“उंच झालंय. आणि टणक.”

“बसेल,” अण्णा म्हणाले. “दोन-तीनशे किलोमीटर गेलं की बसतं.”

गाडीत पेट्रोल नव्हतं. आई बराच वेळ उतरली नाही.