मागून घेतलेली मोटार

गेल्या वैशाखांत आम्ही मेव्हण्यांची मोटार मागून घेऊन पुण्याहून पांचगणीस निघालों. स्वतःच्या गाडीचें विमापत्र मजपाशीं होतें. म्हणून मी निर्धास्त होतों. खंबाटकी ओलांडून वाईस मामांच्या घरीं उतरलों. ढोल्या गणपतीचें दर्शन घेऊन कृष्णेच्या घाटावर बसलों असतां वकील मामांनीं माझा भ्रम दूर केला. ते म्हणाले, "अरे, आपल्याकडे मोटारीचा विमा गाडीमागें जातो, चालविणारामागें नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें त्रयस्थाच्या हानीबद्दलचा विमा सक्तीचा आहे, तो त्या त्या गाडीचा. तुझें पत्र येथें कवडीमोल! शिवाय मालकानें स्वतःसाठीं घेतलेलें १५ लाखांचें अपघात-संरक्षण गाडी मागून नेणारास मिळत नाहीं. ह्या गाडीचा विमा चालू आहे ना?"

मेव्हण्यांस फोन केला. मुदत चार दिवसांपूर्वींच संपली होती! वाटेंत एखाद्या पादचाऱ्यास धक्का लागला असता तर? अंगावर कांटा आला. गाडी मामांच्या अंगणांत ठेविली व एस. टी. नें पसरणीचा घाट चढलों. खिडकींतून धोम धरणाचें पाणी प्रथमच निवांतपणें पाहिलें.

वाचकहो, दुसऱ्याची गाडी मागतांना किल्लीआधीं तिचें विमापत्र मागावें.