नख न लागलेले कणीस

सातपुड्यातला देशी मका आणि बाजारातला स्वीट कॉर्न हे एकाच पिकाचे प्रकार, पण त्यांचा गोडवा वेगवेगळ्या कारणांनी येतो. स्वीट कॉर्नच्या दाण्यात साखरेचे पीठ होण्याची क्रिया जन्मजात दोषामुळे अडलेली असते. म्हणून तो चिकात असताना फार गोड लागतो आणि वाळला की सुरकुततो. देशी मक्यात असा दोष नाही. त्याचा दाणा तीन-चार दिवस गोड असतो, मग पिठाळतो आणि शेवटी भाकरीच्या कामाचा कडक, गुळगुळीत दाणा होतो. ज्वारीच्या हुरड्यासारखेच हे आहे. गोडवा वाणात असतोच, पण त्याहून जास्त तो दिवसात असतो.

शहाद्याहून धडगावकडे निघालेला रस्ता म्हसावदपर्यंत सपाट, काळ्या रानातून जातो आणि पुढे सातपुडा चढू लागतो. खालच्या अंगाला ऊस, केळी, पपई, कापूस. इथला मका बहुतेक संकरित, आणि तो विकायचाच असतो. कोंबडीखाद्याला जातो, दोंडाईच्याच्या स्टार्च कारखान्यासारख्या ठिकाणी जातो. वरच्या अंगाला पावरा आणि भिल्ल कुटुंबांची उताराची शेते. तिथला मका पावसावर येतो, घरात राहतो आणि त्याचे बी घरचेच असते. पांढरा, पिवळा, लाल, काळपट असे त्याचे रंग. भाकरीला आणि ओल्या कणसाला पांढऱ्याचा मान मोठा. म्हसावदच्या परिसरात हे दोन्ही मके जवळजवळ येतात, आणि बी राखणाऱ्याची डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

टोकण, निंदणी, मातीची भर यांत नवे सांगण्यासारखे काही नाही. एवढेच लक्षात ठेवायचे, की मका बांधाच्या कडेने एका लांब ओळीत लावला तर कणसे विरळ भरतात. त्याच बियाच्या आखूड आखूड सहा-आठ ओळी शेजारी शेजारी घेतल्या तर तुऱ्याचा पराग आपल्याच केसांवर पडतो. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी देशात आली, तेव्हापासून कोवळ्या पोंग्यात रोज डोकावून पाहणे हेही नेहमीच्या कामांत आले.

कणसाचा एक केस म्हणजे एक दाणा. ज्या केसावर पराग पडला नाही, त्याच्या जागी खड्डा राहतो. ज्या केसावर परका पराग पडला, तो दाणा त्याच वर्षी, त्याच कणसात चुगली करतो. पिवळा रंग पांढऱ्यावर मात करतो, म्हणून पांढऱ्या कणसात मधूनच पिवळे दाणे दिसतात. बियाणे प्रमाणीकरणाच्या नियमांत बी राखता येणाऱ्या सरळ वाणाला परक्या मक्यापासून प्रमाणित बियासाठी २०० मीटर आणि पायाभूत बियासाठी ४०० मीटर अंतर सांगितले आहे. दोन-तीन एकरांच्या शेतात हे अंतर कुठून आणायचे? पेरणीत तीन आठवड्यांचे अंतर ठेवले तरी चालते, पण पावसावरच्या शेतीत तीन आठवडे थांबणारा मागेच राहतो. मग उपाय एकच उरतो. कडेच्या ओळी खायच्या आणि बी मधल्या ओळींतून घ्यायचे.

बी राखणाऱ्याची एक जुनी खोड इथे कबूल केलेली बरी. कणीस कोणाला दाखवायचे असले की त्यातले दोन-चार पिवळे दाणे आधीच उपटून टाकायचे आणि विचारले तर किडीने खाल्ले म्हणायचे. पिवळा दाणा काढल्याने तेवढी भेसळ निघते हे खरे. पण शेजारचा संकरित मका पांढरा असेल, तर रंग काहीच सांगत नाही. कणीस शुभ्र दिसते, बी राखणारा खूश होतो, आणि वाण आतून बदलत राहतो.

स्वीट कॉर्नचा पराग आला तर गंमत वेगळी. पहिल्या वर्षी दाणा भरलेला, गुळगुळीत असतो. फार तर रंग बदलतो. तो पेरला की पुढच्या वर्षीच्या कणसांत काही दाणे सुरकुतलेले निघतात. अशा मिश्र झाडाच्या केसावर त्याचाच पराग पडला, तर साधारण चारात एक. काहींना हा दाणा म्हणजे फुकटचा गोडवा वाटतो आणि ते तोच निवडून ठेवतात. बी राखून पुन्हा पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे, तेव्हा त्यात गैर काही नाही. पण त्या दाण्याची भाकर होत नाही, पावसाळी ओलीत तो नीट उगवत नाही आणि कणगीत लवकर किडतो. खाण्यापुरता तो चांगला. त्याला सातपुड्याचा मका म्हणणे चूक.

आता कणीस मोडण्याची वेळ. केस बाहेर पडल्यापासून साधारण अठरा ते बावीस दिवस मोजतात. ऊन असेल तर कमी, झड लागली तर जास्त. केस वाळून तपकिरी झालेले, पण सालीत शिरतात तिथे अजून ओले असले पाहिजेत. मग साल थोडी बाजूला करून अंगठ्याचे नख दाण्याच्या माथ्यावर हलके दाबायचे. पाणी उडाले तर अजून थांबायचे. दुधासारखा चीक आला तर मोडायचे. नख रुतले आणि ओल्या पिठासारखे काही नखाखाली बसले, तर त्या कणसाचा भाजण्याचा दिवस गेला.

ही परीक्षा नखाची आहे, आणि नख म्हातारे होते. साठीनंतर ते जाड होते, बोटाची जाण कमी होते. जाड नखाला जोर जास्त लावावा लागतो, आणि जोराने पिठाळलेला दाणाही फुटतो. त्यामुळे म्हाताऱ्या हाताने मोडलेली कणसे हळूहळू एक दिवस, दोन दिवस उशिराची होऊ लागतात. घरातले कोणी तोंडावर बोलत नाही, कणीस अर्धे टाकून देतात. मोडणारा दोष पावसाला देतो, बियाला देतो, खालच्या संकरित मक्याला देतो. मग एखाद्या संध्याकाळी घरातली पोर टोपली भरून आणते, ती कणसे गोड निघतात, आणि वाण बिघडलेला नाही हे सगळ्यांना कळते. त्या दिवसापासून टोपली पोरीकडे जाते. म्हाताऱ्याकडे बी निवडण्याचे काम उरते. तिथे नखाचा उपयोगच नसतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

अडचण अशी, की गोड कणीस खाल्ल्याशिवाय गोड आहे हे कळत नाही आणि खाल्लेले कणीस पेरता येत नाही. उंच झाड, भरलेले कणीस, सरळ ओळी, घट्ट साल हे गुण वाळल्यावरही डोळ्यांना दिसतात. गोडवा तेवढा दिसत नाही. बी म्हणून ठेवलेल्या कणसाची चव कोणी घेतलेली नसते. हावऱ्या घरात तर उलटेच घडते. सर्वांत चांगले कणीस पाहुण्याला जाते, दुसरे मुलांना, आणि कोणाच्या नजरेत न भरलेले उरते ते बी होते. वीस वर्षे असे केले की वाण आपोआप बेचव होतो आणि खापर जमिनीवर फुटते.

यावर लोकांनी तोडगे काढले, ते सगळे अर्धवट. कणसाचा शेंडा उघडून दोन दाणे चाखायचे आणि साल पुन्हा बांधायची, हा पहिला. पण शेंड्याचे केस शेवटी बाहेर पडतात, म्हणून शेंड्याचे दाणे मधल्या दाण्यांपेक्षा कोवळे असतात. ते गोड लागले म्हणून कणीस गोड असे होत नाही. शिवाय उघडलेल्या सालीतून पाणी आणि मुंग्या आत जातात, आणि भाद्रपदात बुरशी धरते. दुसरा तोडगा दोन कणसांच्या झाडाचा. खालचे खायचे, वरचे ठेवायचे. आई एकच, हे खरे, पण खालच्या कणसाचे केस उशिरा येतात, त्यावर पराग दुसऱ्याच झाडांचा पडतो, आणि मुळात ते दुबळे असते. दाण्यातल्या पिठाच्या भागात दोन वाटे आईचे आणि एक वाटा बापाचा असतो. खालचे कणीस वरच्याविषयी अंदाज देते, ग्वाही देत नाही.

तिसरा तोडगा सर्वांत चांगला आणि सर्वांत जड. १८९६ साली अमेरिकेत इलिनॉय येथे सी. जी. हॉपकिन्स यांनी पांढऱ्या मक्याची १६३ कणसे घेतली, प्रत्येक कणसाच्या थोड्या दाण्यांची तपासणी केली, आणि निवडलेल्या कणसांचे उरलेले दाणे कणसागणिक वेगळ्या ओळीत पेरले. त्यांना तेल आणि प्रथिने हवी होती, आणि ती वाळलेल्या दाण्यातही मोजता येतात. चिकातल्या चवीसाठी याच रीतीला वळण द्यावे लागते. प्रत्येक कणसाचे अर्धे दाणे एका ओळीत पेरायचे, अर्धे चिठ्ठी लावून ठेवायचे. ओळीतली कणसे चिकात आली की ती सगळी चाखायची. जी ओळ गोड, तिच्या आईचे ठेवलेले अर्धे दाणे पुढच्या पावसाळ्यात पेरायचे. अशा पाच-सहाच नव्हे, भरपूर ओळी ठेवाव्या लागतात. थोड्या आयांवर वाण नेला तर दोन-तीन पिढ्यांत झाडे खुजी होतात. म्हणजे एका चवीसाठी दोन वर्षे, आणि दोन वर्षे सोंड्यापासून वाचवलेले अर्धे दाणे.

धडगाव भागात बाएफसारख्या संस्थेने देशी मका आणि ज्वारीच्या बियाणे बँका उभ्या करायला गावांना मदत केली, हे मोठे काम झाले. एखाद्या घरचे बी बुडाले तर आता मागायला जागा आहे. तरी बँकेत बी राहते, चव राहत नाही. उंची, फुलोऱ्याचे दिवस, दाण्याचा रंग वहीत लिहिता येतो. कोणत्या दिवशी मोडले, कोणत्या नखाने पाहिले आणि किती वेळात चुलीवर गेले, यावर जी चव ठरते ती वहीत कशी उतरवणार?

चुलीपर्यंतचा वेळ हा स्वयंपाकाचा पहिला भाग. मोडलेल्या कणसातली साखर थांबत नाही. तीस अंशांच्या उकाड्यात साधा स्वीट कॉर्न एका दिवसात निम्मी साखर घालवतो, आणि देशी मका त्याहून घाईचा. सालीसकट निखाऱ्यावर टाकला तर तो स्वतःच्या वाफेत शिजतो. सोलून भाजला तर दाणा करपून खमंग होतो, पण कडक होतो. थोडा पिठाळलेला दाणा किसायला चांगला. किसणीवर किसून, जिरे-मिरचीची फोडणी देऊन, थोडे दूध घालून मंद आचेवर परतला की तो आपणहून आळतो. स्वीट कॉर्नचा कीस मात्र पाणचट राहतो, कारण बांधून घेणारे पीठच त्यात कमी. वाळल्यावर याच मक्याची भाकर होते. पिठाला कढत पाणी लागते, थापताना कडा फाटतात आणि ओल्या बोटाने त्या पुन्हा पुन्हा जुळवाव्या लागतात. सोबत उडदाची डाळ असली की जेवण पुरे.

नवाईचा दिवस ठरेपर्यंत नवे धान्य तोंडात घालायचे नाही, अशी रीत जिथे पाळतात तिथे पहिल्या कणसांचा गोड दिवस कधी कधी हुकतो. नुकसान चवीचे होते, बियाचे होत नाही. न खाल्लेली पहिली कणसे झाडावरच वाळतात, आणि त्यांतली चांगली बियाला राहतात. साल मागे ओढून, तिचीच वेणी घालून ती चुलीवरच्या आढ्याला टांगतात. धूर लागतो, सोंडा कमी येतो. जूनमध्ये ती खाली उतरवतात, शेंड्याचे आणि बुडाचे दाणे सोडून मधले दाणे काढतात आणि पेरतात. त्या कणसांना नख लागलेले नसते, आणि ती गोड होती की नाही हे कोणालाच ठाऊक नसते.