रिकामपणाचे उद्योग

'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती ज्याने प्रथम उच्चारली त्यास रिकामपणाचा तिटकारा होता, की त्या न्हाव्याच्या उद्योगप्रियतेचे मनातून कौतुक होते, हे ठरविणे कठीण आहे. तुंबडी लावल्याने भिंतीचे काही बिघडत नाही, आणि न्हाव्याचा हात मात्र चालता राहतो. तरीही आपल्या समाजाने त्या बिचाऱ्यास पिढ्यानपिढ्या हसण्यावारी नेले आहे. पैसा न देणाऱ्या उद्योगाची निंदा करण्यास आपली भाषा मोठी समर्थ आहे. रिकामटेकडेपणा, उचापती, नसते उद्योग, पोरखेळ, असे एकाहून एक धारदार शब्द तिच्या भात्यात आहेत. त्या मानाने स्तुतीचा शब्द एकच, आणि तो म्हणजे 'छंद'. तोही पूर्णपणे निष्कलंक नाही. त्यास 'फंद' जोडला की माणूस कामातून गेलाच म्हणून समजावे.

परंतु याच शब्दाचा दुसरा एक अर्थ आहे, आणि तो आम्हांस अधिक आवडतो. पद्यरचनेच्या शास्त्रासही आपण छंद म्हणतो. मात्रा मोजाव्या, यती सांभाळावा आणि ठरलेल्या जागी पुन्हा परतावे, हा तेथील नियम. हातात विणण्याच्या सुया घेऊन बसलो असता आम्हांस वारंवार वाटते की, हे दोन अर्थ मुळात एकच असावेत. दोन टाके सुलट, दोन उलट. ओळ संपली की सुई फिरवावयाची आणि आले त्याच वाटेने माघारी जावयाचे. एक टाका निसटला तर साऱ्या ओळीचा छंदोभंग होतो, आणि तो लपवू म्हटले तरी लपत नाही.

येथे वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही निवृत्त शिक्षक आहो, पुरुष आहो, आणि विणकाम करतो. इंदापूर तालुक्यातील वरकुटे या आमच्या गावी ही वार्ता पसरण्यास एक बाजारचा दिवस पुरला. आमचा तालुका भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेला असला तरी पर्जन्यछायेतला. 1980 च्या सुमारास उजनीचे धरण पुरे झाले तेव्हापासून तालुक्याच्या एका अंगास समुद्रासारखे पाणी पसरले, उसाचे फड वाढले. पण माळरानावरचे ऊन काही कमी झाले नाही. वर्षातील मोजके दोन महिने पहाटेस अंगावर काही घ्यावे अशी थंडी पडते. अशा मुलखात बारा महिने लोकरीचे विणकाम करणाऱ्या माणसाकडे लोकांनी कुतूहलाने पाहिले, तर त्यांस दोष कसा द्यावा? सुया हाती घेण्यास आम्हांस आमच्या सहधर्मचारिणीने शिकविले. शाळेत असताना टकळीवर सूत काढण्याचा तास आम्हांस होता, तेवढीच काय ती आमची पूर्वतयारी.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर कार्यक्रम ठरलेला असतो. आमचे हात सुयांत गुंतलेले असल्यामुळे वाचनाचे काम त्यांच्याकडे येते. आजवर कितीतरी पुस्तके आम्ही अशी कानांनी वाचली आहेत. मनातल्या मनात वाचताना डोळा रटाळ भागावरून हळूच उडी मारतो; मोठ्याने वाचणाऱ्यास ती सोय नाही, आणि ऐकणाऱ्यास तर मुळीच नाही. आपल्याकडे श्रावणात पोथी वाचण्याची रीत होती व अजूनही काही घरी आहे, तिचे मर्म आम्हांस या ओसरीवर कळले. श्रीधरांनी 'शिवलीलामृत' 1718 मध्ये पुरे केले ते आमच्या शेजारच्या बारामतीत, कऱ्हेच्या काठी. आणि ते लिहिताना एकट्याने वाचणारा वाचक त्यांच्या डोळ्यांपुढे नसावा, वाती वळीत, धान्य निवडीत ऐकणारे घर असावे, असे आम्हांस वाटते.

त्याच बारामतीत पुढे मोरोपंत होऊन गेले. रिकामपणाच्या उद्योगांचा कोणी इतिहास लिहील तर त्यात पंतांस मानाचे पान द्यावे लागेल. एक रामायण रचून त्यांचे समाधान झाले नाही. परंपरेने त्यांच्या नावावर एकशे आठ रामायणे सांगितली जातात. त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे, म्हणजे ओठास ओठ लावल्यावाचून उच्चारता यावे असे. प, फ, ब, भ, म ही पाचही अक्षरे त्यात वर्ज्य. म्हणजे ज्याचे चरित्र गावयाचे त्या रामाचे नावच घ्यावयास बंदी! व्यवहारी माणूस विचारील की, पंत, यातून साधले काय? आम्हांस वाटते, जे अवघड गाठीचा नमुना विणणाऱ्या बाईस साधते तेच साधले. अडचण स्वतःच निर्माण करावयाची आणि स्वतःच तीतून सुटावयाचे, यात मनास एक निर्मळ आनंद असतो. आणि तो विकत मिळत नाही म्हणूनच व्यवहारी माणसाच्या वहीत त्याची नोंद सापडत नाही.

आमच्या या बैठकीत गेल्या आषाढापासून तिसरा श्रोता आला आहे. शेजारच्या कडब्याच्या गंजीत व्यालेल्या मांजरीचे हे एक पिलू. आले तेव्हा ते तीन महिन्यांचे असावे. मांजराच्या पिलास माणसाची सवय लागावयाची ती प्रामुख्याने दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत, असे प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे सांगतात. त्या काळात मनुष्याचा हात लागला नाही तर पुढे भिडस्तपणा हाडीमांसी खिळतो. या पिलाने तो काळ कडब्यात काढलेला. घरात शिरताच ते पुस्तकांच्या कपाटामागे गेले, आणि आठ दिवस त्याचे अस्तित्व आम्हांस केवळ रिकाम्या झालेल्या बशीवरूनच कळत होते. बैल बुजतो, घोडे बुजते, तसे हे बुजत असे. म्हणून तिचे नाव 'बुजरी' पडले.

बुजऱ्या जिवास जवळ आणण्याचा एकच उपाय आहे, तो म्हणजे त्यास जवळ न बोलावणे. हा उपाय उद्योगी माणसाच्या हातून होण्यासारखा नाही. त्यास घाई असते. तो चुचकारतो, हात पुढे करतो, कपाट सरकवितो. आम्ही विणीत बसलो आणि सहधर्मचारिणी वाचीत बसल्या. नवव्या दिवशी कपाटाच्या कडेस दोन कान दिसले. पंधराव्या दिवशी सारे अंग बाहेर आले, पण पान उलटल्याचा आवाज होताच परत गेले. महिना उलटला तेव्हा ती ओसरीच्या दुसऱ्या टोकास बसून आमच्याकडे पाहू लागली. मांजराकडे रोखून पाहू नये, डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडावे, म्हणजे तेही तसेच करते, असे इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केले आहे. आम्ही तसे करून पाहिले. बुजरीनेही डोळे मिटले. आता तो आमच्या सलगीमुळे की वाचनाच्या गुंगीमुळे, हे आम्हांस निश्चितपणे सांगता येत नाही.

चित्रांत मांजर नेहमी लोकरीच्या गुंड्याशी खेळताना दाखवितात. चित्र गोड आहे, पण ते घरात मात्र आणू नये. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले काटे असतात; तोंडात गेलेला धागा त्यास सहजी थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो आणि आतड्यात अडकून जिवावर बेततो. म्हणून आमचे गुंडे झाकणाच्या डब्यात असतात, व झाकणाच्या छिद्रातून एकच धागा सुईपर्यंत येतो.

या डब्यावरूनच एके दिवशी एक प्रश्न निघाला, आणि तो अद्याप आमच्या मनातून गेलेला नाही. आमच्या गावावरून धनगरांचे कळप जातात-येतात. त्यांतील एक ओळखीच्या आजी पाणी प्यावयास ओसरीवर टेकल्या होत्या. त्यांनी आमचा धागा दोन बोटांत चोळून पाहिला आणि विचारले, "गुरुजी, ह्यो कंच्या मेंढराचा?"

आम्ही म्हणालो, "आजी, हा मेंढराचा नव्हे. हा कारखान्यात होतो, खनिज तेलापासून. लुधियानाहून येतो."

"म्हंजी लोकर न्हवंच की! आन् आमी औंदा कातरलेली समदी वढ्याला टाकली."

त्या रागाने बोलल्या नाहीत, नवलाने बोलल्या. म्हणूनच ते शब्द अधिक लागले. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, बहुतकरून काळी. तिचे मऊ अंगरखे होत नाहीत. होते ती घोंगडी. मेंढी वर्षातून दोनदा कातरावयाची, लोकर पिंजावयाची, बायकांनी चरख्यावर सूत काढावयाचे, ताण्यास चिंचोक्याची खळ लावून तो कुंच्याने सारखा करावयाचा, आणि मग सनगराने मागावर बसावयाचे, अशी ती लांबलचक साखळी होती. घोंगडी पावसात डोक्यावर खोळ होई, थंडीत पांघरूण होई, बिरोबाच्या देवळात बैठक होई. आजही तुकोबांची पालखी काटेवाडीस येते तेव्हा मेंढ्यांचे रिंगण तिच्याभोवती धावते आणि हजारो डोळे ते पाहून धन्य होतात. मेंढीचा मान असा अजून आहे. तिच्या लोकरीचा मात्र उरला नाही. चादरी आणि गिरणीची पांघरुणे स्वस्त झाली, मेंढी मांसासाठी पाळली जाऊ लागली, आणि कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून अधिक झाली. ज्या वस्तूची किंमत तिच्या काढणीहून कमी, ती ओढ्यास जाणार हे उघडच आहे.

पुढच्या खेपेस आजींनी एक पिशवीभर लोकर आणून दिली. आम्ही ती धुतली, हाताने विंचरली, आणि शाळेतले कसब आठवून टकळीवर कातली. सूत कोठे सुतळीएवढे, कोठे केसाएवढे उतरले. त्याचा हातभर चौकोन विणून सहधर्मचारिणींपुढे ठेवला. "अहो, हे अंगाला लागले तर माणूस रात्रभर खाजवीत बसेल," असा निकाल त्यांनी दिला आणि चौकोन जमिनीवर टाकला. दुसऱ्या दिवशी बुजरी त्यावर झोपलेली आढळली. लुधियानाच्या मऊ विणीवर ती कधी बसली नव्हती. मेंढीच्या वासात तिला काय सापडले, ते तिचे तिला ठाऊक.

पण एका मांजराची पसंती म्हणजे एका धंद्याचे पुनरुज्जीवन नव्हे, हे आम्ही जाणतो. त्या दिवसांत ओसरीवर रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे 1910 मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक चालले होते. रमाबाई वाचावयास शिकू लागल्या तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बायकांनी त्यांचा किती छळ केला, ते वाचताना वाचणाऱ्यांचा आवाज अडखळला. स्त्रीने पुस्तक हाती धरणे हा त्या काळी रिकामपणाचा, किंबहुना त्याहून वाईट असा उद्योग होता. आणि त्याच रमाबाईंच्या नेतृत्वाखाली 1909 मध्ये पुण्यास सेवासदन उभे राहिले, तेथे वाचनाबरोबर शिवणकामही आले. कारण आधार तुटलेल्या बायकांस पोटासाठी हाताची विद्या हवी होती. म्हणजे जे एकाचे पोट ते दुसऱ्याचा छंद, आणि जो एका पिढीचा छंद तो दुसऱ्या पिढीचा आधार, असा हा खेळ चालत आला आहे. आमच्या पिढीत तो उलटा फिरला आहे. सनगराचा माग थांबतो आहे, आणि तेच काम आम्ही सुशिक्षित लोक मन रमविण्यासाठी हाती घेत आहो. एखादा धंदा बुडाला की त्याचा छंद होतो की काय, अशी शंका आम्हांस त्या रात्री आली, आणि झोप लवकर लागली नाही.

या शंकेचे पूर्ण उत्तर आमच्याजवळ नाही. आमच्या टकळीने कोणाचा माग चालू होणार नाही, आणि तसा आव आम्ही आणणारही नाही. परंतु एक गोष्ट अनुभवाने सांगवते. हातभर चौकोनास आम्हांस अकरा दिवस लागले. त्यानंतर आम्ही एका वृद्ध विणकराकडे घोंगडी घ्यावयास गेलो, तेव्हा त्यांनी सांगितलेली किंमत ऐकून घासाघीस करण्यास आमची जीभ उचलली नाही. पूर्वी ती सहज उचलली असती. त्या घोंगडीतील दर हातामागे कोणाचे किती दिवस गेले, हे आमच्या बोटांस आता ठाऊक होते. वाचनानेही तेच होते. ज्याने कधी चार ओळी जुळवून पाहिल्या आहेत, त्यासच मोरोपंतांच्या कसरतीमागचे कष्ट दिसतात. इतरांस ती केवळ कसरत वाटते.

छंदाचा उपयोग विचारणाऱ्यांस आम्ही एवढेच सांगू. छंदाने पैसा मिळत नाही, पण दुसऱ्याच्या कष्टाचे मोल कळते. आणि ज्या समाजात ते मोल कळणारी माणसे नाहीशी होतात, तेथे लोकर ओढ्यास जाते, आणि कालांतराने पुस्तकेही त्याच वाटेने जातात. म्हणून मुलाबाळांच्या हाती सुई द्यावी, टकळी द्यावी, संध्याकाळी एकाने वाचावे आणि इतरांनी हात चालवीत ऐकावे. घरात एखादा बुजरा जीव असेल, मग तो चार पायांचा असो की दोन पायांचा, तर तोही हळूहळू जवळ सरकेल. त्यास हाक मारू नये. त्याच्यापुरती जागा मोकळी ठेवून आपले काम चालू ठेवावे.