पाच घरे, दोन अक्षरे

शब्दाची लांबी ठरलेली, त्यातली दोन-तीन अक्षरे हाताशी आणि बाकीची घरे रिकामी. अशा स्थितीतून नेमका शब्द काढणे हे इंग्रजी शब्दखेळांचे मूळ काम आहे. २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आले, तेव्हापासून हा शोध लाखो लोकांच्या रोजच्या सवयीचा झाला. शब्दकोड्यात सापडलेल्या अक्षराची जागा पक्की असते आणि अर्थाचा धागाही मिळतो. स्क्रॅबलमध्ये अर्थ कोणी विचारत नाही. हातातल्या सात टाइल आणि पटावरची अक्षरे जुळली पाहिजेत. वर्डलमध्ये घरे पाच आणि संधी सहा. अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली, एवढे पिवळा रंग सांगतो.

मराठी शब्दकोड्यांवर हात बसलेल्या माणसाला इथे एक सवय मोडावी लागते. मराठीत काना, मात्रा, वेलांटी अक्षरासोबत एकाच घरात बसतात आणि जोडाक्षरही तिथेच मावते. ‘महाराष्ट्र’ मराठी कोड्यात चार घरे घेतो, इंग्रजी कोड्यात अकरा. इंग्रजीत स्वराला स्वतःचे घर लागते, म्हणून रिकाम्या घरांकडे पाहताना पहिला प्रश्न असा, की यांतली स्वरांची घरे कोणती? पाच घरांत बहुधा एक किंवा दोन स्वर निघतात. एकही निघत नसेल तर ‘वाय’ स्वराचे काम करत असण्याची शक्यता मोठी. ‘निम्फ’ आणि ‘क्रिप्ट’ हे त्याचे ठळक नमुने.

अक्षरे किती वेळा येतात याचा हिशेब या कलेत फार उपयोगी पडतो. १९३० च्या दशकातल्या मंदीत काम गेलेले वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांतली अक्षरे मोजून स्क्रॅबलच्या टाइल ठरवल्या. शंभरांपैकी ‘ई’च्या बारा, ‘ए’ आणि ‘आय’च्या प्रत्येकी नऊ, ‘जे’, ‘के’, ‘क्यू’, ‘एक्स’, ‘झेड’ची मात्र एकेकच. ‘एस’ इंग्रजीत भरपूर असूनही त्याच्या टाइल चारच ठेवल्या, कारण तो शेवटी लावून अनेकवचन करणे फार सोपे झाले असते.

नवखा शोधणारा ओळखीच्या अक्षराला बिलगतो. शब्दात ‘ई’ आहे हे कळल्यावर त्याला बरे वाटते, पण हाती फारसे काही लागलेले नसते. ‘ई’ असलेले शब्द हजारोंनी आहेत. खरी पकड दुर्मिळ अक्षरावर ठेवावी. त्याच्या बसण्याच्या जागा थोड्या आणि शेजारीही ठरलेले. ‘क्यू’मागे जवळजवळ नेहमी ‘यू’ येतो. ‘व्ही’ शब्दाच्या शेवटी क्वचितच उभा राहतो, त्याच्यामागे ‘ई’ येतो. ‘एच’ दिसला की त्याच्याआधी ‘सी’, ‘एस’, ‘टी’, ‘पी’ किंवा ‘डब्ल्यू’ आहे का ते लगेच तपासावे.

एक शोध सविस्तर पाहू. पाच घरे आहेत आणि त्यांत कुठेतरी ‘जे’ व ‘आर’ आहेत. सुरुवात ‘जे’पासून करायची, कारण ‘आर’ कुठेही जाऊन बसतो. ‘जे’ला पहिले घर सर्वांत आवडते आणि त्याच्यामागे स्वर लागतो. त्या स्वराच्या जागी पाचही स्वर एकेक करून लावत गेले की ‘जर्की’, ‘ज्युरर’ मिळतात. शेवटी ‘ई-आर’ हा नेहमीचा प्रत्यय धरला तर ‘जोकर’. मग ‘जे’ला तिसऱ्या घरात सरकवायचे. एम-ए-जे-ओ-आर, म्हणजे ‘मेजर’, तिथे सापडतो आणि आर-ए-जे-ए-एच हा ‘राजा’ही. चौथ्या घरात ‘बँजो’, ‘निंजा’ सुचतात, पण त्यांत ‘आर’ नाही. दुसऱ्या घरात नॉर्वेहून आलेला ‘फ्योर्ड’ आहे. ‘एफ’नंतर लगेच ‘जे’ ही इंग्रजीला परकी जोडी, म्हणून ती घाईत सुटते. आणखी दोन शब्द मराठी माणसाला सर्वांआधी दिसायला हवेत. जे-ओ-डब्ल्यू-ए-आर आणि बी-ए-जे-आर-ए, म्हणजे आपली ज्वारी आणि बाजरी, इंग्रजी कोशांत केव्हाच पोचल्या आहेत. दुसऱ्या शब्दात ‘जे’मागे व्यंजन येते आणि वरचा नियम मोडतो. नियम मोडणारे शब्द बहुतेक बाहेरून आलेले असतात, म्हणून ते वेगळे लिहून ठेवावेत. ‘क्यू’मागे ‘यू’ नसलेले ‘निकाब’, ‘बुरका’, ‘तलाक’ त्याच वहीत जातात.

सात-आठ घरांच्या शब्दांत शोध शेवटाकडून करणे फायद्याचे. ‘आय-एन-जी’ किंवा ‘ई-डी’ बाजूला काढले की उरलेला तुकडा लहान होतो आणि डोळ्याला झेपतो.

जागा एकही माहीत नसेल तर अक्षरे वर्णक्रमाने लावण्याची युक्ती स्क्रॅबल खेळणाऱ्यांत रूढ आहे. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ या दोन्हींची सहा अक्षरे क्रमाने लावली की एकच ओळ तयार होते, आणि त्या ओळीवरून दोन्ही शब्द एकदम आठवतात. संगणकही नेमके हेच करतो. जागा माहीत असतील तर रिकाम्या घराऐवजी टिंब देऊन शब्दांच्या यादीत साचा शोधता येतो. ग्रेप नावाची जुनी आज्ञा हे काम क्षणात करते. पण ती ‘जोकर’ आणि दहा अनोळखी शब्द एकाच तोलाने समोर ठेवते. आधी डोक्याने शोधून मग यादी पाहिली, तर काय सुटले ते कळते आणि पुढच्या वेळी ते आठवते. यादी आधी उघडली तर काहीच अंगी लागत नाही.

कोणती यादी प्रमाण मानायची, हे खेळावर ठरते. कॉलिन्सच्या स्क्रॅबल यादीत असे कितीतरी शब्द आहेत, जे साध्या इंग्रजी पुस्तकात वर्षानुवर्षे भेटत नाहीत. वर्डलचे जनक जॉश वॉर्डल यांच्यासमोर पाच अक्षरांचे सुमारे १२,००० शब्द होते; त्यांच्या जोडीदाराने त्यांतले ओळखीचे सुमारे २,५०० निवडले. त्यामुळे बाजरी स्क्रॅबलच्या पटावर मांडावी. वर्डलमध्ये मात्र ‘मेजर’ आधी करून पाहावा.