नागभीड : जंक्शनचे गाव आणि अडकलेला हूक

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड हे धानाच्या बांध्यांनी आणि जंगलाने वेढलेले रेल्वे जंक्शन. नागपूरहून येणारी अडीच फुटी 'छोटी लाईन' येथे गोंदिया-बल्लारशाह मार्गाला मिळत असे. तो मार्ग ब्रॉडगेज झाला आणि दोन्हींचे डबे एकमेकांस जोडता येईनासे झाले. 2019 मध्ये छोटी लाईनही रुंदीकरणासाठी बंद झाली. जोडणीचे मोल या गावास निराळे सांगावे लागत नाही.

जोडलेले सुटत नाही, तेव्हाची अडचण मात्र रस्त्यावर भेटते. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीमागे ट्रॉली ओढण्यासाठी काढता-घालता येणारा हूक असतो. पावसाळाभर पाणी आणि चिखल त्याच्या चौकोनी नळीत शिरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून पिन निघाली तरी दांडा हलत नाही. धान बाजारात नेण्याच्या घाईत घणाचे घाव घातले, तर दांड्याचे तोंड पसरून तो अधिकच घट्ट बसतो. आच देणे धोक्याचे, कारण इंधनाची टाकी व वायरिंग जवळच असते.

उपाय धीराचाच आहे. तारेच्या ब्रशने कडा साफ कराव्यात, गंज सोडवणारे तेल मुरवून रात्रभर थांबावे. सकाळी नळीच्या बाजूंवर हलके ठोके देत, दांडा डावी-उजवीकडे हलवून बाहेर ओढावा. मग गंज खरवडून ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि ट्रॉली नसताना हूक काढून कोरड्या जागी ठेवावा. एका रात्रीचा हा धीर नव्या हूकाचा खर्च वाचवतो.