आळस द्यावा!

आळस हा माणसाच्या देहातच घर करून राहिलेला शत्रू, असे सुभाषितकाराने सांगून ठेवले आहे. परंतु मराठी भाषा सुभाषितकाराहून चतुर! आळस करणे तिला नापसंत. आळस देणे मात्र तिने निषिद्ध मानलेले नाही. झोपेतून उठल्यावर आळोखेपिळोखे देत आपण आळस देतो, म्हणजे तो अंगाबाहेर टाकतो. मांजर हे दिवसातून कितीदा तरी करते. आणि मान आखडली म्हणून कण्हणारे मांजर निदान माझ्या पाहण्यात नाही.

माझी मान मात्र आखडली होती. आई दोन वर्षे अंथरुणावर होती. मालवणच्या आमच्या घरात, रात्री तिची हाक ऐकू यावी म्हणून मी अर्धी जागीच झोपत असे. आई गेली, वर्ष लोटले; पण कानाकडे सरकलेला उजवा खांदा काही उतरेना. वर्गात फळ्यावरची वरची ओळ लिहिणे कठीण झाले. डॉक्टरांनी फोटो काढून हाडे निर्दोष असल्याचे सांगितले. शेजारच्या काकी मात्र म्हणाल्या, "बाय गो, खांदो इतको वर कित्याक धरलंस? तुझी आवस आता हाक मारूची नाय."

काकींच्या बोलण्याचा उलगडा पुढे वाचनातून झाला. आखडलेला स्नायू बिघडलेलाच असतो असे नाही. पुष्कळदा तो काम करीत असतो. 'तयार राहा' हा मेंदूचा हुकूम मागे घ्यायचा राहून जातो, आणि सवयीमुळे आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. असा स्नायू हिसका देऊन ताणला तर तो उलट आवळतो. म्हणून आधी आपणहून तो किंचित आवळावा, मग अगदी सावकाश सोडावा. अमेरिकेतील थॉमस हॅना यांनी १९८८ च्या आपल्या 'सोमॅटिक्स' या पुस्तकात हेच सांगितले आणि रोजच्या व्यायामाला मांजराच्या आळसाचेच नाव दिले! आपल्याकडे हठप्रदीपिकेत शवासन आहेच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योग प्रयोगशाळेत नेला. तर १९६९ मध्ये मुंबईचे डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना शवासनाचा झालेला उपयोग प्रसिद्ध केला.

रात्री मी सतरंजी अंथरून जमिनीवर उताणी पडते. गादी आपल्याला सांभाळून घेते. कंबर कोठे अधांतरी आहे, कोणता खांदा टेकत नाही, हे जमीनच दाखवते. गुडघे उभे ठेवून श्वास घेताना कंबर जराशी उचलते, सोडताना टेकू देते. मग खांदा कानाकडे नेते आणि दुप्पट वेळ घेऊन खाली आणते. असे चार-पाच वेळा. हालचाल लहानच हवी. मासळीने भरलेल्या पाटीत आणखी एक बांगडा पडला तर डोक्याला कळत नाही. रिकाम्या तळहातावर मात्र कोलंबीचेही वजन कळते. दुखेल तेथे थांबावे, आणि हाताला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर डॉक्टरांनाच गाठावे.

पहिले काही दिवस कंटाळ्यापलीकडे काही पदरी पडले नाही. मग एका रात्री खांदा सतरंजीला टेकला, आणि दूरवरची लाट ऐकू आली. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. पण तीन वर्षांत तो मी ऐकलाच नव्हता. कान एका हाकेसाठी राखून ठेवलेले होते. त्या रात्री मी आईसाठी पोटभर रडले, आणि सकाळपर्यंत गाढ झोपले.

दिवाळीत घर झाडून आणि सोऱ्या दाबून ज्या गृहिणींचे खांदे कानाला भिडले असतील, त्यांनी फराळाचे डबे भरून झाल्यावर दहा मिनिटे जमिनीवर पडून पाहावे. खर्चाचा हिशेब मांडणाऱ्या यजमानांनीही पडावे. मुले हसलीच, तर त्यांनाही शेजारी जागा द्यावी.