दहा अँपिअरचा झरा

वर चढवायचं बटण दाबलं की गर्डरवरून आवाज यायचा, कट-कट-कट-कट. हूक मात्र जागचा हलत नव्हता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामांचं वर्कशॉप आहे. डिझेल इंजिनं उतरवायची, खोलायची, पुन्हा चढवायची, हे तिथलं रोजचं काम. चेनब्लॉकची साखळी ओढून ओढून मामांचा उजवा खांदा धरला, तेव्हा त्यांनी जुन्या बाजारातून बारा व्होल्टचा हॉइस्ट आणला. पिकअपच्या हौद्यात माल चढवायला बसवतात तसला. पाटीवर क्षमता 250 किलो. तो गर्डरला टांगला आणि वीज द्यायला वर्कशॉपमधला बॅटरी चार्जर काढला. त्यावरही 12 व्होल्ट लिहिलेलं होतं. व्होल्टला व्होल्ट जुळले म्हणजे काम झालं, असं मामांना वाटलं आणि मलाही. चार्जरचे चिमटे हॉइस्टच्या तारांना मीच लावले.

मग मीटर लावून बघितलं. बटण सोडलेलं असताना काटा 15 व्होल्टच्या आसपास. बटण दाबताच तो पाचाच्या खाली. त्या कट-कटीचं कारण तिथं होतं. हॉइस्टच्या मोटरला वीज जोडणारा सोलेनॉइड त्याच तारांवर चालतो. तो ओढला गेला की मोटर करंट खेचते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो. तो सुटला की व्होल्टेज परत चढतं आणि पुन्हा ओढला जातो. सेकंदाला कितीतरी वेळा हेच.

चार्जर होता 10 अँपिअरचा. मामांनी पाठकोऱ्या बिलावर हिशोब मांडला. 200 किलोचं इंजिन मिनिटाला 4 मीटर या वेगानं उचलायचं, तर नुसत्या उचलण्याला 130 वॅट लागतात. गिअर आणि मोटर यांच्यात जाणारी शक्ती धरली तर साडेचारशे-पाचशे वॅट, म्हणजे 12 व्होल्टला 40 अँपिअर. तेही मोटर फिरायला लागल्यावर. थांबलेल्या मोटरचं चित्र आणखी वेगळं असतं. फिरणारं आर्मेचर स्वतः उलटा विद्युतदाब तयार करतं आणि करंटला आवर घालतं. सुरुवातीच्या क्षणी तो दाब नसतो. अडवायला उरतो फक्त वाइंडिंगच्या तांब्याचा किरकोळ रोध, म्हणून त्या क्षणी शंभराच्या पुढे अँपिअर लागू शकतात.

मामांचं लहानपण शेतात गेलेलं. कागद बघून ते म्हणाले, “आरं, झरा बारीक हाय. हीर कुठं हाय ह्यात?”

इतकं नेमकं मला सुचलं नव्हतं. बारीक झऱ्यावर कुणी थेट मोटर बसवत नाही. रात्रभर पाणी विहिरीत साठतं, सकाळी तासभर उपसा होतो. इथली विहीर म्हणजे बॅटरी. ट्रॅक्टरची किंवा जीपची चांगली बॅटरी स्टार्टरला शेकडो अँपिअर देते, त्यासाठीच ती बनवलेली असते. इंजिन दीड मीटर उचलायला अर्धा मिनिट धरला, तर 40 अँपिअरनं बॅटरीतून अँपिअर-तासाचा जेमतेम तिसरा भाग जातो. दहा अँपिअरचा चार्जर तो दोन-अडीच मिनिटांत भरून काढतो.

बॅटरी आली, हूक हलला, पण कण्हत. दोष तारेत होता. बॅटरी ते हॉइस्ट 6 मीटर, जाऊन-येऊन 12. आमची तार 4 चौरस मिलिमीटरची. 40 अँपिअरला तीच दोन व्होल्टच्या वर खात होती. 25 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घातली, लग दाबून बसवले, तेव्हा ही घट एक-तृतीयांश व्होल्टवर आली. केबलला पैसे गेले, पण या कामातला तोच खर्च मला सर्वात योग्य वाटतो. बारीक तार नुसती व्होल्ट खात नाही, तापतेही. बॅटरीच्या पॉझिटिव्हपाशीच फ्यूज घातला, कारण केबल कुठं घासून गर्डरला टेकली तर बॅटरी तिच्यात शेकडो अँपिअर ओतेल.

बॅटरी आता खिडकीखाली असते. चार्ज होत येताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्के झाला की ठिणगीवर पेट घेतो. म्हणून आधी चार्जरचं भिंतीवरचं बटण बंद, मगच चिमटे काढायचे. शेजारी ग्राइंडर चालवायचा नाही. आणि टांगलेल्या इंजिनाखाली हात घालायचा नाही, खाली घोडी सरकवून वजन तिच्यावर टेकवल्याशिवाय तर नाहीच. यात मामा कुणाचं ऐकत नाहीत, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

या बदलाचा एक फायदा आम्ही आधी धरलाच नव्हता. वीज गेली तरी हॉइस्ट चालतो. अर्ध्यात लटकलेलं इंजिन खाली घेता येतं.

तुम्हीही असं काही जोडणार असाल, तर हॉइस्टच्या पाटीवर व्होल्टच्या शेजारी अँपिअरचा आकडा असतो. चिमटे लावण्याआधी तो वाचा.